विमानतळ आपल्या बांधाला आला की हरकत कशी घ्यायची

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यात, विमानतळाच्या कुंपणापासून चालत दहा मिनिटांवर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म, सातबारा, असलं सगळं. गेल्या काही वर्षांत या दुकानात सगळ्यांत जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य कुठलं म्हणाल, तर 'सदर विस्तारीकरणामुळे आमचे अतोनात नुकसान होत असून मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' मी स्वतःच ते किती अर्जांत घातलंय याचा हिशेब नाही. त्या वाक्यानं एकाचंही काम झालेलं मी पाहिलं नाही.

आमचा विमानतळ काही नवा नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीच्या माळावर तो झाला. आम्ही शाळेत असताना विमान आलं की मास्तरांसकट सगळा वर्ग बाहेर. २०१८ पासून केंद्राच्या 'उडान' योजनेतून प्रवासी विमानं पुन्हा सुरू झाली. १३७० मीटरची धावपट्टी १९३० मीटर झाली, पुढं २३०० मीटरचा बेत आहे. १० मार्च २०२४ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. एटीआरसारखं पंख्याचं विमान आखूड पट्टीवर भागवतं, एअरबसला लांब पट्टी लागते, म्हणून हा सगळा खटाटोप. गडमुडशिंगीच्या बाजूची ६४ एकर जमीन, नेर्ली-तामगाव रस्त्याचा प्रश्न, हे सगळं त्यातूनच आलं.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. माझा भाचा हैदराबादला नोकरीला आहे, तासाभरात घरी येतो, त्याची आई खूश आहे. पण ज्याची जमीन जाते त्याच्याकडं पुढारी, वकील, दलाल सगळे फिरकतात. ज्याची जमीन न जाता वाट जाते, पाइपलाइन जाते, ओढ्याचं पाणी फिरतं, घरावर मजला चढवता येत नाही, त्याला कोणी विचारत नाही. तो बैठकीत मागं उभा राहतो आणि घरी जातो. हे लिहितोय ते मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी नकाशा, मग राग

पेपरात 'धावपट्टी अमुक मीटरनं वाढणार' असं येतं, आणि लोक टेप घेऊन तेवढंच मोजतात. चुकतात ते इथंच. धावपट्टी संपली म्हणजे विमानतळ संपला असं नसतं. टोकाच्या पुढं ६० मीटरची मोकळी पट्टी लागते. त्याच्याही पुढं विमान घसरलं तर थांबायला सुरक्षा क्षेत्र, ज्याला ते लोक 'रिसा' म्हणतात. किमान ९० मीटर, आणि शिफारस २४० मीटरची. विमानाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची रांग साधी असली तरी ४२० मीटर पुढं जाते, मोठी असली तर ९०० मीटर. दिव्यांच्या रांगेला सगळी रुंद जमीन लागत नाही, पण खांब कुणाच्या तरी उसातच येतात. म्हणून बातमीतल्या आकड्यावर जाऊ नका. गट नंबरांची यादी आणि नकाशा मिळवा.

मिळवायचा कसा? माहिती अधिकारात. इथं एक बारकी गोष्ट आहे, जी मला तीन अर्ज परत आल्यावर कळली. जिल्हाधिकारी, भूसंपादन, भूमी अभिलेख, जिल्हा परिषद ही राज्याची कार्यालयं. तिथल्या अर्जाला महाराष्ट्राचे नियम: विषय एकच आणि शब्द १५०च्या आत, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. विमानतळ प्राधिकरण केंद्राचं. त्याला केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून, १० रुपये ऑनलाईन भरून. दोन्हीकडं एकच अर्ज पाठवला तर दोन्हीकडून 'आमच्याशी संबंधित नाही' असं उत्तर येऊ शकतं आणि ३० दिवस फुकट जातात.

मागताना 'विस्तारीकरणाची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहू नका. राज्याच्या कार्यालयाकडं संपादन होणाऱ्या क्षेत्राची गटवार यादी नकाशासह मागा, प्राधिकरणाकडं मंजूर आराखडा आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा मागा. निचऱ्याचा कागद फार कुणी मागत नाही. मागा. आमच्या माळाचं पाणी कुठल्या बाजूला उतरतं हे इथल्या गुराख्यालाही ठाऊक आहे, पण भराव टाकून जमीन सपाट केली की ते पाणी मोरी ठेवली असेल तिथूनच जाणार. मोरी कुणाच्या शेताच्या तोंडाला येते, हे भराव पडायच्या आधी बघायचं असतं.

उत्तर येईपर्यंत गाव नकाशा काढून ठेवा. त्यावर तुटक दुहेरी रेषा दिसली तर ती गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. आज प्रत्यक्षात तिथं चार फुटांची गवताची पट्टी उरली असेल, बाजूच्यानं नांगर घातला असेल, ते असू दे. नकाशावर रेषा आहे ना, मग तुमच्या अर्जाला हाड आलं.

जमीन जात नाही, तरी तुम्ही हितसंबंधित

दुकानात येणाऱ्या दहापैकी आठजण म्हणतात, "माझं नाव यादीत नाही, मी कसली हरकत घेणार?" त्यांच्यासाठी हा परिच्छेद दोनदा वाचावा असा आहे.

२०१३चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४पासून लागू झाला, त्याच्या कलम ३ मध्ये 'हितसंबंधित व्यक्ती' कोण ते सांगितलंय. त्यात फक्त सातबाऱ्यावरचा मालक येत नाही. त्या जमिनीवरून ज्याचा वहिवाटीचा, म्हणजे वाटेचा किंवा पाण्याचा हक्क आहे तो येतो. कूळ येतं, वाट्यानं करणारा येतो. ज्याच्या पोटापाण्याचं मुख्य साधन संपादनानं अडचणीत येणार तोही येतो. 'बाधित कुटुंब' या व्याख्येत तर आधीची तीन वर्षं त्या जमिनीवर मजुरी करणारा भूमिहीनसुद्धा बसतो.

म्हणून अर्जाची पहिली ओळ 'मी शेतकरी असून' अशी न करता 'संपादित होणाऱ्या गट क्रमांक अमुकमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर माझी वहिवाट आहे, म्हणून मी हितसंबंधित व्यक्ती आहे' अशी करा. एवढ्या एका ओळीनं टेबलापलीकडचा माणूस कागद परत ढकलायच्या आधी एकदा विचार करतो. अनुभवाचं सांगतोय.

साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत

संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघते ती कलम ११ची. ती राजपत्रात, दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तहसील-जिल्हाधिकारी कार्यालयात आणि संकेतस्थळावर येते. तिथून ६० दिवसांत कलम १५ची लेखी हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडं जायला पाहिजे. हरकतीचे मुद्देही तिथं दिलेले आहेत: जमिनीचं क्षेत्र आणि ती या कामाला योग्य आहे का, सार्वजनिक प्रयोजन खरं आहे का, आणि सामाजिक परिणाम अहवालात काय चुकलंय. तुमची वाट, ओढा, विहीर हे सगळं या तिसऱ्या मुद्द्यात घाला. अहवालात ती वाट दाखवलीच नसेल, तर 'अहवालातून वगळली आहे' एवढंच लिहिलं तरी तो मुद्दा कायद्यात बसतो.

जुलै-ऑगस्ट हे दोन महिने ६२ दिवसांचे असतात. आमच्या गल्लीतले एक काका 'दोन महिने आहेत अजून' म्हणत दिंडीला जाऊन आले, एकसष्टाव्या दिवशी माझ्या दुकानात. मी टाइप करून दिलं, त्यांनी नेऊन दिलं, पण सुनावणीचं बोलावणं काही त्यांना आलं नाही. अधिसूचना दिसली की मोबाईलवर त्या फळ्याचा फोटो काढा, कॅलेंडरवर पन्नासाव्या दिवसाला गोल करा. शेवटचे दहा दिवस पावसाला, लाइट जाण्याला आणि साहेब रजेवर असण्याला.

हरकत दिली की प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी मागायची, तीही त्याच अर्जात, शेवटच्या ओळीत. स्वतः, कुणाला अधिकारपत्र देऊन, किंवा वकिलामार्फत, तिन्ही चालतं.

अर्ज कसा दिसतो

एका शेतकऱ्याचा जुना अर्ज माझ्याकडं कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन पानं. त्यात शाहू महाराज आहेत, स्वातंत्र्यलढा आहे, गावाची परंपरा आहे. वाट कुठून कुठं जाते, ते मात्र नाही. नंतर आम्ही तोच अर्ज असा केला:

'विषय: मौजे ____ येथील गट क्र. ____ मधील गाडीवाटेच्या वहिवाटीबाबत कलम १५ अन्वये हरकत.

सदर वाटेने गट क्र. ____, ____ व ____ मधील ९ खातेदार ये-जा करतात. वाट गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषेने दर्शविलेली आहे (प्रत जोडली आहे). ऊस वाहतूक याच वाटेने होते. वाट बंद झाल्यास डांबरी सडकेपर्यंतचे अंतर ६०० मीटरवरून ४.२ किलोमीटर होते. सामाजिक परिणाम अहवालात या वाटेचा उल्लेख नाही.

मागणी: जमिनीचा ताबा घेण्यापूर्वी कुंपणाबाहेरून पर्यायी गाडीवाट तयार करून द्यावी. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळेल अशी वळणे ठेवावीत. नवीन वाटेची नोंद गाव नकाशावर करावी. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.'

बस. पाऊण पान. त्यात दोन गोष्टींकडं बघा. 'ताबा घेण्यापूर्वी' हे दोन शब्द नसले तर पर्यायी वाट मंजूर होते आणि मंजूरच राहते; कुंपण मात्र आधी पडतं. दुसरं, ट्रॉलीचं वळण. हे त्या शेतकऱ्यानंच सांगितलं. म्हणाला, "साहेब म्हणतील कुंपणाकडनं रस्ता दिलाय. आणि रस्ता काटकोनात दिला तर? दोन ट्रॉल्या लावल्यावर ट्रॅक्टर काय चौकोनात फिरतोय व्हय?" वीस वर्षं मी असले अर्ज टाइप करतोय, माझ्या डोक्यात हे आलं नसतं. म्हणून अर्ज लिहायला माझ्यासारख्याकडं या, पण आधी त्या वाटेनं रोज जाणाऱ्याला विचारून या. डेअरीला दूध घालायला पहाटे कोण जातं, शाळेची पोरं कुठल्या बाजूनं जातात, पावसाळ्यात कुठं चिखल होतो. अंतर गाडीच्या मीटरवर मोजा, दोन्ही टोकांचे फोटो काढा, तारीख दिसू द्या.

नेर्ली-तामगाव रस्त्यासारखा डांबरी रस्ता असेल तर काम वेगळं. तो कुणा खातेदाराचा नसतो, जिल्हा परिषदेच्या किंवा बांधकाम खात्याच्या यादीत त्याला क्रमांक असतो, 'ग्रा.मा.' (ग्रामीण मार्ग) किंवा 'इ.जि.मा.' (इतर जिल्हा मार्ग) करून. तो क्रमांक शोधा आणि ग्रामसभेचा ठराव करा. एकट्यादुकट्यानं अर्ज करण्यापेक्षा दोन्ही गावांचे ठराव एकाच मसुद्याचे असले तर वजन येतं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. तेवढ्या सह्या हजेरी वहीत आहेत का, हे ठरावाच्या आधी मोजा. ठरावाची प्रमाणित नक्कल ग्रामसेवकाकडून घ्या, तिच्यावर ठराव क्रमांक आणि सूचक-अनुमोदक पाहिजेत. पुढाऱ्यांबरोबर बैठक झाली तर टाळ्या झाल्यावर घरी जाऊ नका, इतिवृत्त मागा. इतिवृत्तात नसलेलं आश्वासन हे भाषण असतं.

पोच

एका कार्यालयात आमचा अर्ज घेतला, चाळला, "ठीक आहे, ठेवून जा" म्हणाले. पोच मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्नच नव्हता, शिक्क्याचा होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण हे सगळीकडंच होतं.

तीन प्रती काढा. एक त्यांना, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन तुम्हाला, तिसरी घरी वेगळ्या जागी. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जा. रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा, पावतीच्या मागं 'कलम १५ हरकत, गट क्र. अमुक' असं पेनानं लिहा आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद प्रिंट करून लावा. पोस्टाच्या पावतीची शाई वर्षभरात उडते. पहिल्याच दिवशी झेरॉक्स मारा. (माझा धंदा म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगतो.)

मोजणीच्या दिवशी घरी थांबा

इथं माझी स्वतःची चूक सांगतो.

आमच्या चुलत्यांची ११ गुंठे जमीन संपादनात आली. संयुक्त मोजणीचा दिवस ठरला, नोटीस आली, ती माझ्याच दुकानात झेरॉक्स झाली. त्या दिवशी मात्र मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करत बसलो. मोजणीवाले आले, चुलते एकटेच उभे. झाडं विचारली, तीन आंबे आणि एक चिंच सांगितली. विहीर विचारली, विहीर त्या ११ गुंठ्यांत नव्हती, 'नाही' सांगितलं. पंचनाम्यावर सही केली, सगळ्यांना चहा पाजला. संध्याकाळी मला म्हणाले, "झालं बाबा एकदाचं."

विहीर पलीकडं होती, पण विहिरीवरून खालच्या अडीच एकराला पाणी नेणारी पीव्हीसीची पाइप त्याच ११ गुंठ्यांच्या खालून गेली होती. जमिनीत तीन फूट खाली, दिसणार कुणाला? पंचनाम्यात तिची ओळच नाही. कुंपणाचा पाया खणताना पाइप फुटली तेव्हा आम्हाला आठवण झाली. नवी पाइप लांबून वळसा घालून नेली, उसाच्या पहिल्या हप्त्यातून. कलम २८ मध्ये उभं पीक आणि झाडांचं नुकसान, जमिनीचा तुकडा पडल्यानं उरलेल्या जमिनीचं होणारं नुकसान, दुसऱ्या मालमत्तेचं आणि कमाईचं नुकसान, सगळं भरपाईत धरायची तरतूद आहे. पण जे कागदावर आलंच नाही ते धरणार कसं? चुलते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन शेतात एक फेरी मारा. पाइप, बोअर, जुनी पड विहीर, मोटरची केबल, ठिबक, बांध, गोठा, कडबा ठेवायची जागा, देवाचा दगड. वही घेऊन लिहा. पाइप जिथं असेल तिथं चुन्यानं रेघ मारून ठेवा, म्हणजे मोजणीवाल्याला दिसेल. पंचनामा वाचून, राहिलेलं त्याच कागदावर लिहून मग सही. लिहू देत नसतील तर सहीच्या वर 'पाइपलाइनची नोंद राहिली आहे, हरकत कायम' असं स्वतःच्या हातानं लिहा. घराचा अर्धाच भाग रेषेत येत असेल तर कलम ९४ नुसार संपूर्ण घर घ्या अशी मागणी करता येते. अर्धी भिंत घेऊन कोण राहणार?

आणि सातबारा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी नाव त्यांचंच, असं निम्म्या गावात आहे. वारस नोंद आधी करून घ्या, आत्यांसह. आत्याला 'फक्त सही कर' म्हणून फोन करायचा आणि पैसे आले की विसरायचं, यातून किती घरांत बोलणं बंद झालंय ते मी काऊंटरच्या अलीकडून पाहिलंय. वाद झाला की पैसे भूसंपादनाच्या प्राधिकरणाकडं (विमानतळाच्या नव्हे) जमा होतात आणि तारखा पडत राहतात.

आवाज आणि उंची

आमच्याकडं अजून दिवसाला मोजकी विमानं. मुंबईत कुर्ल्याला माझी मेहुणी राहते, ती आमच्या तक्रारीवर हसते. पण पट्टी लांबली की विमानंही मोठी येणार, म्हणून आत्तापासून कळून असावं.

२०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत विमानतळाच्या आवाजाच्या पट्ट्यासाठी मर्यादा आहेत. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणी असणाऱ्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, बाकीच्यांना ६५ आणि ६०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मेख अशी की ही सरासरी आहे. एक विमान डोक्यावरून गेलं, भांडी हलली, बाळ उठलं. मोबाईलच्या ॲपवर ९० आलं. सरासरीत ते विरघळून जातं. म्हणून 'विमान फार आवाज करतं' ही तक्रार टिकत नाही. त्यापेक्षा महिनाभर वही ठेवा: तारीख, वेळ, उतरलं की उडालं, घरात काय चालू होतं. मग मागणी रात्रीच्या फेऱ्यांच्या वेळांबद्दल करा, आणि आवाजाचा पट्टा नकाशावर आखून जाहीर करा अशी करा. पट्टा आखला की शाळा, दवाखाना, नवीन प्लॉट कुठं नको हे गावालाही कळतं.

विस्ताराला पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागणार असेल तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणं किमान ३० दिवस आधी जाहिरात येते, अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, तुम्ही चौघंच गेलात तरी ती होते. चित्रीकरण होतं, आणि शेवटी काय काय मुद्दे आले ते मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते वाचन होईपर्यंत थांबा. तुमचा मुद्दा राहिला असेल तर तिथंच उठून सांगा. बहुतेकजण चहा घेऊन त्याआधीच निघतात.

उंचीचं प्रकरण मात्र शांतपणे येतं आणि आयुष्यभर राहतं. विमानतळाच्या २० किलोमीटरच्या आतल्या बांधकामाला उंचीची मर्यादा लागू होऊ शकते, २०१५च्या नियमांनी. त्यासाठी रंगीत नकाशा असतो. बहुतेक रंगांत ठरलेल्या उंचीपर्यंत स्थानिक संस्था परवानगी देऊ शकते, लाल पट्ट्यात घर कितीही ठेंगणं असलं तरी प्राधिकरणाचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाईन, सोबत प्लॉटचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची उंची मोजून आणलेला दाखला.

एकजण पेढे घेऊन दुकानात आले. "सहाशे तीस मीटरची परवानगी आली! मला तर तीनच मजले बांधायचेत." मी म्हटलं, काका, ती समुद्रसपाटीपासूनची आहे. आपला माळच मुळात सहाशे मीटरच्या आसपास उंच. तुमच्या प्लॉटची जमीन ६२३ असेल तर हातात राहिले सात. सात मीटरमध्ये दोन मजले, वर पाण्याची टाकी आणि सोलर बसवायचं म्हटलं तरी विचार करावा लागतो, कारण टाकी, अँटेना, जिन्याची खोली सगळं त्याच उंचीत धरतात. पेढा मी खाल्ला, पण त्यांचा चेहरा बघवेना. प्लॉट घ्यायच्या आधी हे बघा. दलाल 'विमानतळाजवळ' असं मोठ्या अक्षरांत छापतो, पट्टा कुठला ते छापत नाही.

जाता जाता: विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी आहे, पक्षी येतात म्हणून. गावाचा उकिरडा हलवायची नोटीस आली तर तिचा राग धरू नका, पर्यायी जागा आणि वाहतुकीचा खर्च मागा.

पैसे हातात आल्यावर

निवाडा झाला, रक्कम कमी वाटली, तर पैसे घेऊ नका असं सांगणारे भेटतील. घ्या. पण 'हरकत नोंदवून' असं लिहून घ्या. ते न लिहिता घेतले तर वाढीव भरपाई मागायचा दरवाजा बंद होतो. ती मागण्यासाठीचा कलम ६४चा अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत करायचा. बाजारभाव ठरवताना रेडी रेकनरचा दर आणि जवळपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यात जे जास्त ते धरतात. त्यावर ग्रामीण भागात एक ते दोनच्या दरम्यानचा गुणक, मग झाडं-विहीर-घर, आणि या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. म्हणून आसपासची चांगल्या भावाची खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडून काढून ठेवा.

थेट खरेदीचं संमतीपत्र पुढं आलं तर समजून घ्या की ती विक्री आहे. खरेदीखत झालं की वाढीव भरपाईसाठी जायची वाट उरत नाही. रक्कम पटली तर खुशाल करा, झटपट पैसे मिळतात. पण कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको, आणि त्यातही पाइपलाइनची ओळ घालून घ्या.

परवा चुलते दुकानात आले होते. मुलीच्या शेताजवळून विमानतळाचा नाला काढणार आहेत म्हणे, तिच्या गावी. पिशवीतून वही काढली. त्यात पाइप, बोअर, बांध सगळं पेन्सिलनं लिहिलेलं, शेवटी चुन्याच्या पिशवीचा हिशेब. म्हणाले, "ह्याच्या तीन प्रती काढ. आणि मोजणीला तू येणार हाईस, दुकान बंद ठेव."